घाटापलीकडची मुलगी राहणार कुठे?

जून-जुलैत फलटणला दोन ओघ एकदमच येतात. एक माउलींच्या पालखीचा, दुसरा कॉलेजच्या प्रवेशांचा. पालखी तरडगावहून येते, विमानतळावर तळ पडतो आणि गावातल्या शाळा, मंगल कार्यालयं, घरांच्या पडव्या नि गच्च्या वारकऱ्यांसाठी मोकळ्या होतात. मुक्काम आटोपला की दिंड्या बरडच्या वाटेला लागतात. प्रवेशाला आलेल्या मुली मात्र तीन-चार वर्षांसाठी आलेल्या असतात आणि त्यांच्यासाठी उघडणारी दारं फार थोडी आहेत.

यावरून आमच्या घरात बऱ्याच वर्षांपासून वाद चालू आहे. एका बाजूला माझी आई. माण तालुक्यातल्या एका वाडीवरून ती शिकायला फलटणला आली आणि पुढे एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून निवृत्त झाली. दुसऱ्या बाजूला काका. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फंडाच्या पैशांतून त्यांनी कोळकीत चार खोल्या बांधल्या आणि त्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने दिल्या. मुलींनी शिकावं याबद्दल दोघांचं दुमत नाही. शिकायला आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर राहणार, यावर आहे. परवा हा वाद पुन्हा निघाला आणि रात्री उशिरापर्यंत चालला. त्यातलं बरंचसं कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

वादाला तोंड फोडलं काकांनी. "वहिनी, तुम्ही उठता-बसता टंचाई, टंचाई म्हणता. कोळकीत चक्कर मारून या. लक्ष्मीनगरला जा, रिंग रोडला जा. प्रत्येक दुसऱ्या घरावर 'मुलींसाठी रूम मिळेल' अशी पाटी आहे. मुली वाढल्या तशा खोल्या वाढल्या. वसतिगृह बांधायला सरकारला दहा वर्षं लागतात, आम्ही एका उन्हाळ्यात स्लॅब टाकतो. माझ्याच चारातली एक खोली गेल्या दिवाळीपासून रिकामी आहे. टंचाई असती तर ती रिकामी राहिली असती का?"

"तुमची खोली रिकामी आहे कारण तिचं भाडं जिला परवडतं ती बारामतीला किंवा पुण्याला गेली," आई म्हणाली. "आणि जिला परवडत नाही ती तुमच्या दारापर्यंत आलीच नाही. पाण्याची टंचाई झाली की बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात, ती दिसते. राहण्याची टंचाई झाली की कोणी रांगेत उभं राहत नाही. बारावीला सायन्सला चांगले मार्क पडलेली मुलगी गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्सला नाव घालते. नाहीतर बाहेरून परीक्षा देते. नाहीतर बाप म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालेलं असतं. तिच्या नावापुढे 'खोली मिळाली नाही' असं कोणी कुठे लिहून ठेवत नाही. मग टंचाई आहे हे तुम्हाला कळणार कसं?"

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मलाही आईचं हे म्हणणं या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे असं वाटतं. आपण कॉलेजात आलेल्या मुली मोजतो आणि त्यांचा आकडा खरोखर मोठा आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात उच्च शिक्षणात १ कोटी ५७ लाख मुली होत्या, २०२१-२२ मध्ये त्या २ कोटी ७ लाख झाल्या. सात वर्षांत ५० लाखांची भर. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. हा मोठा निर्णय आहे आणि त्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण फी गेली तरी खोली, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च जिथल्या तिथे आहे. फलटणचं मुधोजी महाविद्यालय १९५७ मध्ये निघालं तेव्हा मुलं-मुली आसपासच्या गावांतूनच यायची. आता फलटणमध्ये इंजिनिअरिंग आणि उद्यानविद्याही शिकता येते. अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या केंद्रीय यादीतून होतात. यादी मुलीला जागा देते, गाव देते, कॉलेज देते. कॉट देत नाही.

काकांनी मग आपल्या हक्काचा विषय काढला. "सगळ्या मुलींना राहायला कशाला हवंय? एसटी कशासाठी आहे? मी तीस वर्षं फलाटावर उभा राहून बघितलंय. आसू, गुणवरे, गिरवी, आदर्की, कुठल्याही वाटेची गाडी घ्या, सकाळच्या फेरीला निम्म्याहून जास्त मुलीच असतात. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट. पुढे विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत. मुक्कामी गाडी गावात रात्री थांबते ती कोणासाठी? पहाटे मुलांना घेऊन निघता यावं म्हणून. मुलगी आपल्या घरी, आपल्या आईच्या हातचं खाऊन शिकली तर वाईट काय? वसतिगृहाच्या इमारतीवर जो पैसा घालणार तो गाड्यांवर घाला. एका इमारतीत शंभर मुली मावतील. तेवढ्या पैशात किती गावांच्या फेऱ्या वाढतील, हिशेब करा."

हा मुद्दा हलका नाही. एसटीने या भागातल्या मुलींना जेवढं शिकवलं तेवढं क्वचितच कोणी शिकवलं असेल. आईलाही ते मान्य आहे. पण तिने विचारलं, "भावजी, प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं?"

"साडेपाच धरा."

"मोगराळ्याच्या घाटातून वर जाणारी मुलगी घरी कधी पोचते? दहिवडीला उतरल्यावर पुढे वाडीपर्यंत काय? वडापची जीप भरली तर निघणार. म्हणजे अंधार पडलाच. एक दिवस असं झालं की बाप दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल बुडवायला सांगतो. महिन्यातून चारदा बुडवलं की टर्म जाते. लायब्ररीत बसणं, मैदानावर खेळणं, संध्याकाळचं व्याख्यान ऐकणं, हे तिच्यासाठी नाहीच. ती कॉलेजात शिकत नाही, कॉलेजात हजेरी लावून गाडी पकडते. आणि संप झाला तेव्हा?"

संपाचं नाव निघताच काका गंभीर झाले. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांशी काकांची सहानुभूती होती, अजूनही आहे. पण कोरोनाने दीड वर्ष घरी बसवलेल्या मुली पुन्हा कॉलेजला जाऊ लागल्या होत्या, तेव्हाच गाड्या थांबल्या. मुलगे मोटारसायकलवर ट्रिपल सीट येत राहिले. मुलींचे वर्ग ओस पडले.

"दुसरी गोष्ट," आई म्हणाली. "घरी पोचली की ती विद्यार्थिनी राहत नाही. तिच्या आईचा दोष नाही त्यात. शेतावरून आलेल्या बाईला दोन हात मदतीला हवेच असतात. धार काढायची, भाकरी थापायच्या, धाकट्यांचं बघायचं. भाऊ त्याच गाडीने आलेला असतो, तो पुस्तक घेऊन बसतो. माझ्याकडे राहणाऱ्या मुली पहिल्या सहामाहीत कशाने चकित व्हायच्या माहीत आहे? संध्याकाळी सातनंतर आपल्याला कोणी हाक मारत नाही, याने. तो वेळ आपला आहे हे त्यांना पटायला दिवाळी यायची. मी त्यांना शिस्त लावली, जेवण दिलं, सगळं केलं. पण खरं दिलं ते तेवढंच, संध्याकाळचे तीन तास."

आई हे सांगते तेव्हा त्यात तिचं स्वतःचं शिक्षण असतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती फलटणला आली तेव्हा वसतिगृहाचा किंवा भाड्याच्या खोलीचा प्रश्नच नव्हता. मुलगी शिकायला गेली तर ती मावशीकडे, आत्याकडे, नाहीतर ओळखीच्या मास्तरांकडे. आई मावशीकडे होती. मावशीने तिला प्रेमाने ठेवलं, पण त्या घरातल्या दोन बाळंतपणांत आईच राबली, पापड-कुरडया तिनेच केल्या, धुणंभांडी तर रोजचीच. १९७२ च्या दुष्काळात माणदेशात घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढत होती. तेव्हा आपण सावलीत बसून पुस्तक वाचतोय, याचं ओझं घेऊन ती मावशीकडे आणखी राबायची. रात्री दहानंतर, सगळे झोपल्यावर तिचा अभ्यास. नातेवाइकांचं घर हे त्या काळचं मुलींचं वसतिगृह होतं आणि त्याची फी अंगमेहनतीत वसूल होत होती. आता तेही दार उरलं नाही. वाडे जाऊन दोन खोल्यांचे फ्लॅट आले, मावशी स्वतः नोकरीला जाते. ही वाट बंद होत गेली तेव्हा तिच्या जागी काय उभं राहणार, याचा विचार कोणी केला नाही. पोकळी काकांसारख्यांनी भरली. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"ज्या जिल्ह्यात आपण बसलोय," आई म्हणाली, "तो जिल्हा वसतिगृहांवर शिकलाय. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मुलांच्या पोटाला धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. शाळा काढण्याच्या आधी निवाऱ्याची काळजी करणारी माणसं होती ती. त्यांना ठाऊक होतं, फळा-खडू कुठेही मिळेल, गावाबाहेरच्या पोराला टेकायला जागा मिळणार नाही. ती बोर्डिंगं मुलांची होती. त्यातून शिकलेली मुलं अधिकारी झाली, प्राध्यापक झाली, कारखान्यांचे संचालक झाली. मुलींसाठी तेवढ्या हिमतीने कोण उभं राहिलं? पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, कर्व्यांचा आश्रम १८९६ चा, तो पुढे हिंगण्याला गेला. ती पुण्या-मुंबईची कामं. नायगाव आपल्या शेजारच्या खंडाळा तालुक्यात, सावित्रीबाई तिथल्या. पण त्यांच्या जिल्ह्यातल्या मुलीला आज तालुक्याला शिकायचं तर ती घरमालकाच्या मर्जीवर."

"मर्जी म्हणालात ना," काका सरसावून बसले, "मग मर्जीचंच बोलू. तुमच्या वसतिगृहात गेट किती वाजता बंद व्हायचं?"

"साडेसहा. उन्हाळ्यात सात."

"आणि मुलांच्या वसतिगृहाचं?"

आई गप्प.

"मी सांगतो, व्हायचंच नाही. कॉलेज तेच, वय तेच, वर्ग तोच. मुलगा रात्री अकराला टपरीवर चहा पितो आणि मुलगी सातला कडीकुलपात. घरी जायचं तर वडिलांची चिठ्ठी, स्थानिक पालकाची सही, रजिस्टरला नोंद. वीस वर्षांची बाई मतदान करते आणि तिला झेरॉक्स काढायला जायला परवानगी लागते. दिल्लीत २०१५ मध्ये मुली याच्याविरुद्ध रस्त्यावर आल्या, 'पिंजरा तोड' म्हणाल्या. त्यांनी पिंजरा म्हटलं ते उगाच नाही. माझ्या खोलीतल्या मुलीकडे तिची किल्ली असते. ती भाजी आणते, गॅस संपला तर बघते, लाइटबिल वाटून भरते, पार्टनरशी भांडते आणि मिटवते. तीन वर्षांत ती घर चालवायला शिकते. तुमच्याकडची मुलगी घंटा झाली की ताट घेऊन उभी राहते. आणि कुलपाने सुरक्षा येते म्हणाल, तर तेही खरं नाही. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीतच खून झाला. सावित्रीबाईंच्याच नावाचं वसतिगृह ते. फाटक होतं, रजिस्टर होतं. संशय आला तो तिथल्याच कर्मचाऱ्यावर."

ती घटना आठवली की आईचा आवाज खाली जातो. ती म्हणाली, "त्या मुलीच्या मजल्यावर बाकी मुली जवळजवळ नव्हत्या. सुट्टीत इमारत रिकामी झालेली. रात्री वर्दळ असती, शेजारच्या खोलीत बाई असती, तर? मुलीला राखते ती माणसांची जाग. कुलूप राखत नाही, हे मला तुमच्याआधी कळलंय. तरी मी गेट साडेसहाला लावत होते. का, ते विचारा."

"का?"

"बापासाठी. जूनमध्ये बाप मुलीला घेऊन यायचा. टोपी काढून हातात धरायचा, ऑफिसच्या खुर्चीत बसायचा नाही. मुलीकडे बघायचा नाही, इमारतीकडे बघायचा नाही. विचारायचा एकच, बाई, गेट कधी लागतं? मी साडेसहा म्हटलं की त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरायचं. त्याला गावात भावकीला उत्तर द्यायचं असतं. 'पोरगी रूम करून राहते' हे तो सांगू शकत नाही. 'हॉस्टेलला आहे, बाई कडक आहेत' हे सांगू शकतो. तुमच्या खोलीत आलेल्या मुलींचे बाप नोकरदार, नाहीतर आधीच एक मुलगी शिकवलेले. घरातली पहिली शिकणारी तुमच्याकडे येत नाही, भावजी. ती माझ्या कडक नावावर यायची."

"म्हणजे तुम्ही त्या बापाला कुलूप विकलंत."

"हो. आणि त्याच्या बदल्यात मुलगी मागून घेतली."

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटतं, आईचा सौदा त्या काळात बरोबर होता आणि ज्या घरातली मुलगी आज पहिल्यांदा बाहेर पडते तिथे आजही तो काही प्रमाणात करावा लागेल. पण एका बाबतीत काकांचं पारडं जड आहे. बापाच्या समाधानासाठी लावलेलं गेट पुढे संस्थेची सवय होतं. पहिल्या वर्षाच्या अठराच्या मुलीसाठी केलेला नियम एम. एस्सी.च्या तेविशीतल्या मुलीलाही तसाच लागतो, तो कशासाठी होता हे विसरलेलं असतं आणि त्यावर मुलींना कोणी कधी काही विचारत नाही. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग विचारणार कोण आणि कुठे? ती पद्धत सांग."

मी अमेरिकेतल्या 'सोरोरिटी'ची गोष्ट सांगितली. ही तिथल्या विद्यार्थिनींची मंडळं. १८६७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या मनमथ कॉलेजात बारा मुलींनी एकत्र येऊन असं मंडळ काढलं, त्याचं पुढे 'पाय बीटा फाय' झालं. मुलग्यांची मंडळं मुलींना घेत नव्हती, म्हणून यांनी स्वतःची काढली. पुढे अशा मंडळांची स्वतःची घरं झाली. पुष्कळ ठिकाणी घराची मालकी कॉलेजकडे नसते, शिकून गेलेल्या माजी सभासद बायकांनी त्यासाठी काढलेल्या संस्थेकडे असते. राहणाऱ्या मुली आपल्यातून घराची व्यवस्था बघणारी निवडतात आणि घराच्या कारभारात त्यांचा वाटा असतो. तिथेही आता जागेची ओरड आहे. सभासद वाढतात, कॉट तेवढ्याच राहतात. मग एखाद-दुसरं वर्ष घरात राहायला मिळतं, बाकीच्या मुली बाहेर खोली घेऊन फक्त जेवायला आणि बैठकांना येतात.

आईला ते फार आवडलं. "माजी मुलींची मालकी," ती दोनदा म्हणाली. मग तिने विचारलं, "आत कोणाला घ्यायचं ते कोण ठरवतं?"

"आतल्या मुली. भेटीगाठी होतात आणि मग त्या निवडतात. गोऱ्या मुलींची मंडळं काळ्या मुलींना घेत नसत. म्हणून हॉवर्ड विद्यापीठातल्या काळ्या मुलींनी १९०८ मध्ये आपलं वेगळं मंडळ काढलं."

"मग ती आपली जातवार बोर्डिंगंच झाली की," आई म्हणाली. "१९०८ म्हणालास ना? त्याच साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. भाऊराव तेव्हा जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्कच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करून आत या म्हटलं तर केली नाही. बोर्डिंगातून त्यांना काढलं. पुढे त्यांनी स्वतः बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. एकदा घर आपलं झालं की दारात कोणाला उभं करायचं हा मोह होतोच. मालकीची तऱ्हा अमेरिकेची घ्यावी, निवडीची कर्मवीरांची."

आणि मग ती थेट काकांकडे वळली. "तुम्ही खोली देताना आडनाव विचारता."

काकांनी नाकारलं नाही. "सगळेच विचारतात. शेजारीपाजारी..."

"मांसाहार करणार का विचारता. त्याचा अर्थ मलाही कळतो आणि मुलीलाही कळतो. किल्ली हातात देता, खरं आहे. पण ती किल्ली कोणाच्या हातात जाणार, हे तुमच्या एकट्याच्या मनावर. तुमच्या पुतण्याचं लग्न निघालं की परीक्षेच्या तोंडावर खोली रिकामी करायला सांगितलीत, ते मी बघितलंय. मी निदान कोणाला तरी जबाब देणारी होते. तुम्हाला जाब कोण विचारतं?"

"१९६६ मध्ये मॅक्सीनबाई फलटणला आल्या," काका जरा दुखावून म्हणाले. "अमेरिकेहून एकट्या आल्या. इथल्या बोलीचा अभ्यास केला, इथल्याच होऊन गेल्या, शाळा काढली. या गावाने एकट्या बाईला आपलं म्हटलंय."

"म्हटलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मॅक्सीन बर्नसन शिकून सवरून आलेल्या विदुषी होत्या. म्हसवडकडून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीला, जिच्या बापाची मेंढरं आहेत, तिला हे गाव तेवढ्याच मायेने आपलं म्हणतं का?"

हिशेबाचं बोलणं मग निघालंच, कारण काकांचं कुठलंही बोलणं हिशेबाशिवाय संपत नाही. सरकार काही करत नाही असं नाही. इतर मागास वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात ७२ वसतिगृहं ठरली, जिल्ह्याला दोन, एक मुलांचं आणि एक मुलींचं, प्रत्येकी शंभर जणांचं. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके. म्हणजे शंभर मुलींच्या जागेत एका तालुक्याच्या वाट्याला नऊ, आणि त्याही साताऱ्याला. फलटणला शिकणाऱ्या मुलीला साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या साताऱ्यातल्या कॉटचा काय उपयोग? ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वर्षाला ३८ हजार रुपये, जिल्ह्याला ६०० विद्यार्थी, त्यात मुलगे-मुली दोन्ही आले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे.

"३८ हजार म्हणजे दहा महिने धरले तर महिन्याला ३,८००," काका म्हणाले. "दोघींत खोली घेतली आणि मेस लावली तर फलटणमध्ये कसंबसं भागतं. माझं म्हणणं हेच आहे. विटा-सिमेंटमध्ये पैसा पुरू नका, मुलीच्या हातात द्या, ती आपलं बघेल."

"पैसे वर्षात केव्हातरी येणार, तुम्हाला भाडं एक तारखेला लागतं," आई म्हणाली. "शिवाय डिपॉझिट. ज्या घरात आगाऊ दोन महिन्यांचं भाडं नाही, तिथे नंतर येणारे ३८ हजार पोचेपर्यंत मुलीचा प्रवेश रद्द झालेला असतो. पैसे हवेतच. पण पैशाच्या आधी कोणीतरी म्हणायला हवं, बाळ, आज रात्री इथे झोप, बाकीचं उद्या बघू. ते योजना म्हणत नाही."

मला विचाराल तर फलटणला नव्या मोठ्या इमारतीची वाट बघत बसण्यापेक्षा जे आहे ते एकत्र बांधून घेणं जास्त निकडीचं आहे. कोळकी-लक्ष्मीनगरमध्ये अशा ज्या शे-दीडशे खोल्या आहेत त्या तशाच विखुरलेल्या राहू देऊ नयेत. कॉलेजांनी त्यांची नोंद ठेवावी. भाडं, डिपॉझिट, खोली रिकामी करायची मुदत लेखी ठरावी. आठ-दहा घरांमागे एक बाई असावी, रात्री हाक मारली तर येणारी, पगारी. एक सामाईक मेस आणि अभ्यासिका असावी, म्हणजे मुली खोलीत एकेकट्या पडणार नाहीत. पैसा माजी विद्यार्थिनींच्या मंडळाने उभा करावा आणि देखरेखही त्यानेच करावी. १९५७ पासून या गावात शिकून गेलेल्या बायका आज पुण्यात, मुंबईत, परदेशांत आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी मावशीकडे भांडी घासून परीक्षा दिल्या आहेत. त्यांच्यापुढे झोळी पसरायला अजून कोणी गेलेलं नाही. आणि पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या मुलींसाठी एक खरंखुरं वसतिगृह फलटणमध्ये हवंच. त्याला पर्याय नाही, कारण आईचा तो टोपी हातात धरलेला बाप अजून आहे.

"माझ्या चारही खोल्या मी देतो त्यात," काका अचानक म्हणाले. "भाडं मंडळ ठरवेल ते. पण कोणाला द्यायची ते मी ठरवणार."

"मग नको तुमच्या खोल्या," आई म्हणाली.

"वहिनी, घर माझं आहे."

"घर तुमचंच. पण यादी लागेल ती गरजेने लागेल. लांबची आधी, घरातली पहिली शिकणारी आधी. आडनावाचा रकाना त्या फॉर्मवर नसेल. हे मान्य असेल तर बोला."

काकांनी लगेच हो म्हटलं नाही, आणि ते मला खरं वाटलं. शेजार, भावकी, घरात सून आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "दोन खोल्या तशा देतो. एक वर्ष बघू. पण मग तुम्हीही एक मान्य करा. गेटची वेळ मुली ठरवणार."

"ठरवू देत. महिन्यातून एकदा बसतील, बहुमताने ठरवतील, मी त्यांच्यात बोलणार नाही. पण पहिल्या वर्षाच्या मुलीच्या घरी ती वेळ प्रवेशाच्या आधी लेखी कळवायची. लपवाछपवी नको."

"आणि नऊ वाजताची वेळ वाचून बाप नाही म्हणाला तर?"

"तर मी त्याच्या घरी जाऊन बसेन. एकदा नाही, चारदा जाईन. तुम्ही मला एवढंच सांगा, दहिवडीची पहिली गाडी हल्ली किती वाजता सुटते?"